‘वा’ : अमूर्त शिल्प आणि राखलेले अंतर

अमूर्त शिल्पाविषयी मराठीत लिहू लागले की एक शब्द आपल्या हाताशी सदैव तयार असतो : ‘अवकाश’. शिल्प अवकाश व्यापते, अवकाश छेदते, अवकाशाला आकार देते. कवितेलाही अवकाश असतो आणि कादंबरीलाही. शब्द इतका सोयीचा झाला आहे की त्याने नेमके काय सांगितले हे विचारण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही वाटत नाही. सामोआच्या संस्कृतीतील ‘वा’ या कल्पनेकडे आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या अमूर्त शिल्पांकडे वळले की मात्र ही सोयच आड येते. ‘वा’चे भाषांतर ‘अवकाश’ असे केले की ती शिल्पे ताबडतोब समजल्यासारखी वाटतात. आणि माझ्या मते नेमकी त्याच क्षणी ती निसटतात.

मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटेल. आपला, संस्कृतातून आलेला ‘वा’ विकल्प दाखवतो : हे वा ते. सामोअन ‘वा’ याच्या थेट उलट काम करतो. हे आणि ते यांना वेगळे ठेवूनच तो एकत्र धरतो. ध्वनिसाम्यापलीकडे या दोन शब्दांचा काही संबंध नाही, पण हा विरोध लक्षात ठेवण्याजोगा आहे. टोंगन भाषेत हाच शब्द आहे, माओरीत तो ‘वा’च्याच जवळच्या उच्चाराने स्थळाच्या आणि काळाच्याही अंतरासाठी येतो. दोन जागांमधले साधे अंतर या शब्दाने सांगता येते, आणि दोन माणसांमधले, दोन कुळांमधले, भाऊ-बहिणीमधले, जिवंत आणि मृत यांच्यामधले नातेही त्यानेच सांगितले जाते. भाषेने दोन वेगळे अर्थ एका शब्दात कोंबले आहेत असे इथे समजू नये. अंतर असल्याखेरीज नाते असू शकत नाही, ही धारणाच त्या शब्दात आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना ही कल्पना बहुधा आल्बर्ट वेन्ट यांच्यामुळे परिचित असेल. १९३९ साली आपिया येथे जन्मलेल्या या सामोअन कादंबरीकाराने १९९६ मध्ये गोंदणकला आणि वसाहतोत्तर देह यांवर लिहिलेल्या निबंधात ‘वा’चे जे विवरण केले, ते पुढे इंग्रजीतून पॅसिफिक साहित्यावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आधाराला घेतले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : ‘वा’ ही मधली जागा रिकामी नसते, ती विलग करीत नाही, जोडते, वस्तूंना अर्थ येतो तो तिच्यामुळे, आणि नाती बदलली की अर्थही बदलतात. त्याच दशकात, १९९३ मध्ये, एपेली हाउओफा यांनी पॅसिफिकविषयीचा प्रसिद्ध निबंध लिहिला. अफाट समुद्रात विखुरलेली क्षुद्र बेटे हे चित्र वसाहतवाद्यांचे आहे. तिथल्या लोकांच्या लेखी समुद्र हाच त्यांच्या घराचा भाग, असा त्यांचा मुद्दा होता. दोघांचेही म्हणणे एकाच दिशेने जाते. नकाशावर निळी दिसणारी पोकळी ही तिथे राहणाऱ्यांसाठी येण्याजाण्याची, लग्नसंबंधांची, देण्याघेण्याची जागा आहे.

येथपर्यंत कल्पना आकर्षक आहे, आणि तिचा धोकाही येथेच आहे. ‘मधली जागा अर्थपूर्ण असते’ हे वाक्य कोणत्याही शिल्पाखाली लिहिता येते. ‘वा’चे वेगळेपण कळायचे तर तो शब्द सामोअन भाषेत कोणत्या क्रियापदांबरोबर येतो ते पाहावे लागते. ‘तेउ ले वा’ हा सर्वांत प्रचलित प्रयोग. ‘तेउ’ म्हणजे सजवणे, आवरणे, नीट जपून ठेवणे. तेव्हा ‘तेउ ले वा’ म्हणजे हे मधले अंतर निगुतीने राखणे. उलट ‘सोली ले वा’ म्हणजे ते तुडवणे. ज्याला सजवता येते आणि तुडवताही येते, ते काही भूमितीतले अंतर असू शकत नाही. ‘वा’ हे नाम असले तरी ते वर्तनाची अपेक्षा ठेवूनच उच्चारले जाते.

ही अपेक्षा रोजच्या हालचालींत दिसते. बसलेल्या माणसांपुढून जायचे झाल्यास सामोअन माणूस कमरेत वाकतो आणि ‘तुलोउ’ म्हणतो. आपण ज्या जागेतून चाललो आहोत ती मोकळी नाही, तिथे कोणाची तरी नाती पसरलेली आहेत, याची ती कबुली असते. घरात बसताना कोणाच्या दिशेने पाय पसरायचे नाहीत. भाऊ आणि बहीण यांच्यामध्ये ‘फेआंगाइंगा’ नावाचा पवित्र करार मानला जातो. त्यातून येणारा संकोच आणि आदर आयुष्यभर पाळायचा असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतील भीड, मर्यादा, अदब यांची आठवण होईल, आणि ती अगदीच अस्थानी नाही. एक भेद मात्र आहे. आपण मर्यादा ही बहुधा व्यक्तीवर घातलेली मानतो. सामोअन विचारात ती दोघांच्या मधल्या जागेची असते, आणि त्या जागेची देखभाल दोघांकडे असते.

या विचाराचे सर्वांत स्पष्ट दृश्यरूप म्हणजे सामोअन घर, ‘फाले’. पारंपरिक फालेला भिंती नसतात. खांबांची रांग, वर घुमटासारखे छप्पर, आणि पाऊस-वारा आला तर खाली सोडायची माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे. सभेच्या वेळी प्रत्येक खांबाला अर्थ असतो. गोलाकार टोकांच्या खांबांशी उच्च पदाचे कुलप्रमुख, पुढच्या बाजूच्या मधल्या खांबांशी वक्ते, आणि मागच्या अंगाला ‘आवा’ हे विधीचे पेय सिद्ध करणारे. कोण कुठे टेकून बसला आहे यावरून गावाची सारी रचना वाचता येते. खांब ही बांधकामाची गरज आहेच, शिवाय ती पदांची यादीही आहे. मधली मोकळी जमीन ही या सर्वांची एकमेकांकडे असलेली बाजू.

हे घर उभे राहते ते खिळ्यांवर नव्हे, तर दोरीवर. ‘आफा’ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी. लांब तंतूंच्या खास जातीच्या नारळाचे सोडण पाण्यात कुजवून, ठोकून, वाळवून तंतू सुटे करायचे, मांडीवर वळून त्यांचे पेड करायचे आणि त्या पेडांची वेणी घालायची. आपल्याकडचा सुंभ पिळाचा, आफा वेणीची. गावसभेत चर्चा चालू असताना वृद्ध माणसे हे काम करीत बसत. एका मोठ्या घराला अशी मैलोगणती दोरी लागते, म्हणजे त्यात कित्येक सभांमधला वेळ गुंफलेला असतो. ते रांगी हिरोआ या माओरी मानववंशशास्त्रज्ञाने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामोअन भौतिक संस्कृतीवरील ग्रंथात या बांधणीच्या गाठी एकेक करून रेखाटल्या आहेत. घर बांधणाऱ्या कसबी कारागिरांची, ‘तुफुंगां’ची, एक प्रथाही नोंदली गेली आहे. यजमानाने ठरलेला मान आणि मोबदला दिला नाही तर कारागीर काम टाकून निघून जात, आणि दुसरा कोणीही तुफुंगा ते काम हाती घेत नसे. घर अर्धवट उभे राही, आणि तुडवलेला ‘वा’ सगळ्या गावाला दिसत राही.

या अर्ध्या घराशेजारी विसाव्या शतकाच्या अखेरीचे एक विख्यात शिल्प ठेवून पाहावे. १९९३ साली रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीने पूर्व लंडनमधील एका जुन्या घराच्या आत काँक्रीट भरले आणि मग भिंती काढून टाकल्या. उरली ती आतल्या पोकळीची घन प्रतिमा. जानेवारी १९९४ मध्ये ती पाडण्यात आली. आधुनिक शिल्पकलेत पोकळीला इतका धीट सन्मान क्वचितच मिळाला असेल, आणि त्या शिल्पाची उदास भव्यता मला मान्य आहे. पण त्यामागचे गृहीत पाहा. पोकळी भिंतींनी बनते, ती भिंतींच्या आत असते, आणि तिला दृश्य करायचे तर तिला वस्तू करावे लागते. ज्या घराला भिंतीच नाहीत त्या घरात हे शिल्प करता येणार नाही. फालेच्या आत काँक्रीट ओतले तर ते खांबांमधून बाहेर वाहून जाईल.

पाश्चात्त्य अमूर्त शिल्पात पोकळीचा विचार उशिरा आला, पण जोराने आला. नाउम गाबो आणि त्याचा भाऊ आंत्वान पेव्हस्नर यांनी १९२० च्या जाहीरनाम्यात वस्तुमानाऐवजी अवकाशाला शिल्पाचे द्रव्य मानले. तिशीच्या दशकात बार्बरा हेपवर्थने दगडाला आरपार भोक पाडले, हेन्री मूरने ते देहाच्या आकारात आणले, आणि १९३७ पासून मूर आपल्या शिल्पांत तारा ताणू लागला. या घडामोडीला पॅसिफिकचा हातभार लागला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये मूरने पाहिलेल्या न्यू आयर्लंडच्या ‘मालांगान’ कोरीवकामातील आकाराच्या आत आकार, पिंजऱ्यासारखी मोकळी रचना, त्याने आत्मसात केली आणि तसे नमूदही केले. न्यू आयर्लंड मेलानेशियात आहे, सामोआपासून पुष्कळ दूर. तेव्हा मालांगान म्हणजे ‘वा’ असे म्हणणे चुकीचे होईल. पण या देवघेवीत काय घेतले गेले आणि काय मागे राहिले ते पाहण्याजोगे आहे. मालांगान मृताच्या विधीसाठी घडवले जाते, त्यातून जिवंत माणसांमधले हक्क आणि देणी ठरतात, आणि विधी संपला की ते कुजायला सोडले जाते किंवा दूर केले जाते. युरोपात पोहोचला तो आकार. देणी तिथेच राहिली.

मराठी वाचकाला हा मुद्दा आपल्या सौंदर्यविचाराच्या भाषेतही मांडता येईल. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये सौंदर्य घटकांत नसून घटकांच्या परस्परसंबंधांत असते असे ठामपणे सांगितले. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी ते संबंध बांधले जातात. कलाकृती म्हणजे संबंधांची संघटना हा विचार ‘वा’च्या फार जवळ येतो असे प्रथमदर्शनी वाटेल. पण मर्ढेकरांचे संबंध कलाकृतीच्या आत पूर्ण होतात, आणि तेच तिच्या स्वायत्ततेचे कारण. ‘वा’ आत पूर्ण होत नाही. तो कलाकृतीकडून बाहेर, तिच्यासमोर उभ्या असलेल्याकडे येतो आणि त्याच्याकडून काही अपेक्षितो. म्हणूनच ‘वा’ सांगू पाहणाऱ्या अमूर्त शिल्पापुढे खरी अडचण उभी राहते. अमूर्त शिल्पाची सारी प्रतिष्ठा स्वायत्ततेवर उभी आहे, आणि ‘वा’ला स्वायत्त असे काही माहीतच नाही. ही अडचण टाळून ज्या शिल्पात पोकळी आहे त्याला ‘वा’ची कलाकृती म्हणणे ही समीक्षेची पळवाट आहे.

मग अमूर्त शिल्पाला ‘वा’ सांगताच येणार नाही का? येतो, असे मला वाटते. पण तो पोकळीतून नव्हे, बांधणीतून. सोपोलेमालामा फिलिपे तोही यांचे काम या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. ते टोंगाचे, १९७८ मध्ये न्यूझीलंडला आले आणि न्यू प्लिमथ येथील माओरी कलाकेंद्रात त्यांनी कोरीवकाम केले. त्यांना सामोअन म्हणणे योग्य नाही, पण ‘वा’ ही कल्पना आणि काथ्याच्या दोरीने घर बांधण्याची विद्या दोन्ही द्वीपसमूहांत आहे. टोंगन भाषेत या दोरबांधणीला ‘लालावा’ म्हणतात. ऑकलंड विद्यापीठात २००४ साली उभ्या राहिलेल्या ‘फाले पासिफिका’ या वास्तूत तोहींची लालावा पाहायला मिळते. तिथे ती तुळयांना वेढते. त्यांच्या अनेक स्वतंत्र शिल्पांत मात्र ते वेगळेच काही करतात. दोरीची वरून-खालून जाणारी वाट ते लाकडात किंवा धातूत उभी करतात. ज्यांना बांधायचे ती लाकडे तिथे नसतात, दोरीही नसते. उरते ते केवळ बांधणे. एरवी गाठीच्या आत दडलेली रचना इथे उघडी पडते. तिच्यातल्या मोकळ्या जागा पाहताना डोळा सारखा विचारतो की इथे काय होते, कोण कोणाला धरून होते. मूरच्या ताणलेल्या तारा डोळ्याला आकाराच्या आत फिरवतात. तोहींची जाळी डोळ्याला अनुपस्थित घराकडे पाठवते. दोन्ही अमूर्त, पण दुसऱ्या ठिकाणी अमूर्तता ही एका सामूहिक श्रमाची आठवण आहे.

लॉनी हचिन्सन यांची वाट निराळी आहे. माओरी आणि सामोअन अशा दोन्ही वंशधारा सांगणाऱ्या या कलावतीने इमारतीच्या कामात वापरला जाणारा काळा कागद घडी घालून, कातरून मोठमोठ्या रचना केल्या. त्या भिंतीपासून थोड्या सुट्या टांगल्या की कापलेल्या जागांतून प्रकाश जातो आणि मागे सावल्यांची दुसरी रचना तयार होते. कागद, सावली आणि त्यांच्यामधली बोटभर हवा असे तीन थर मिळून कलाकृती होते. माध्यमाची निवड विशेष बोलकी आहे. हा कागद न्यूझीलंडच्या घरांत लाकडी सांगाडा आणि बाहेरचे आवरण यांच्या मधे घातला जातो. घर पूर्ण झाले की तो कोणाला दिसत नाही, पण ओल त्याच्यामुळे अडते. मधली जागा राखणारे साहित्यच त्यांनी दृश्य केले आहे.

यांच्या जोडीला मिशेल टफरी यांचे १९९४ मधले ‘पिसुपो लुआ आफे’ मुद्दाम आठवावे. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयात असलेला हा खाऱ्या गोमांसाच्या डब्यांच्या पत्र्यांचा पूर्णाकृती बैल आहे. अमूर्त शिल्प तो नाही. पण ‘वा’ कुठे असतो हे तो उत्तम दाखवतो. ‘पिसुपो’ हा सामोअन शब्द ‘पी सूप’वरून आला. डबाबंद अन्नाचा पहिला परिचय वाटाण्याच्या सारातून झाला, आणि पुढे तेच नाव मांसाच्या डब्याला चिकटले. लग्न, मृत्यू, पदग्रहण अशा प्रसंगी हे डबे आहेर म्हणून दिले-घेतले जातात. वसाहतीने आणलेले, प्रकृतीला अपायकारक असे अन्न नाती राखण्याचे साधन झाले. बैलाच्या अंगावरच्या प्रत्येक पत्र्यामागे कोणीतरी कोणालातरी काही दिले असण्याची शक्यता आहे. आकारात पोकळी शोधणाऱ्या समीक्षकाच्या हाती इथे काही लागत नाही, आणि तरी हे शिल्प ‘वा’ने भरलेले आहे.

या सर्वांपुढे जाणारे एक रूप सामोअन संस्कृतीने कलादालनाबाहेर घडवले आहे. ‘ईफोंगा’ हा जाहीर क्षमायाचनेचा विधी. कुटुंबातील कोणाच्या हातून गंभीर अपराध घडला की कुलप्रमुखासह त्याचे लोक पहाटे पीडितांच्या घरासमोर येऊन बसतात आणि ‘इए तोंगा’ या अतिशय मौल्यवान बारीक चटईखाली स्वतःला झाकून घेतात. कधी बरोबर सरपण आणि भट्टीचे दगडही आणतात. आम्हाला भाजलेत तरी आमची ना नाही, असा त्याचा अर्थ. मग ते वाट पाहतात. घरातून कोणी येऊन चटई उचलली तर क्षमा मिळाली. कोणी आले नाही तर उन्हात बसून राहायचे, आणि पूर्वी प्रसंगी मारही खायचा. शिल्पाच्या भाषेत सांगायचे तर अंगणातला हा झाकलेला, चेहरा नसलेला आकार पूर्णतः अमूर्त आहे. त्याचा सारा अर्थ त्याच्यात आणि घराच्या उंबऱ्यात असलेल्या काही पावलांच्या अंतरात आहे. ते अंतर ओलांडण्याचा अधिकार फक्त दुसऱ्या बाजूला आहे. ‘वा’ची याहून नेमकी आकृती मला माहीत नाही.

या आकृतीची परीक्षा अलीकडेच झाली. १९७४ ते १९७६ या काळात न्यूझीलंडच्या पोलिसांनी परवान्याची मुदत संपलेल्यांच्या शोधात पहाटे घरांवर छापे घातले. मुदत उलटून राहिलेल्यांत युरोप-अमेरिकेतलेही पुष्कळ होते. दारे वाजली ती मुख्यतः सामोआ, टोंगा आदी बेटांतून आलेल्या कामगारांची. १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली, तेव्हा ईफोंगाच्या रीतीने त्यांच्यावर चटई पांघरण्यात आली आणि मग ती उचलण्यात आली. हे दृश्य जगभर गेले. ते नाटक होते का, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा. पण ‘वा’च्या कसोटीवर त्याचे उत्तर त्या दिवशी मिळणे शक्य नव्हते, कारण चटई उचलली गेल्यावर राखण्याचे काम सुरू होते. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेल्यांना न्यूझीलंडचे नागरिक ठरवले होते. त्याच वर्षी न्यूझीलंडने कायदा करून तो हक्क काढून घेतला. २०२४ मध्ये नव्या कायद्याने त्या पिढीला नागरिकत्व पुन्हा मिळवण्याचा मार्ग खुला झाला. तोवर त्यांच्यातले बहुतेक हयात नव्हते, आणि जे होते ते पंचाहत्तरीच्या पुढचे. अंतर राखण्याला होणारा उशीर हाही ‘वा’च्या हिशेबात धरावा लागतो.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ‘वा’चे इतके गुणगान करताना त्यातली उतरंड नजरेआड होते. आक्षेप रास्त आहे. प्रत्येक खांबाला पद असते याचा अर्थ काहींना खांब नसतो. ‘वा’ राखायचा म्हणून तरुणांनी गप्प बसायचे, परदेशात राबणाऱ्यांनी प्रत्येक प्रसंगाला पैसे पाठवायचे, याचा जाच सामोअन लेखकांनीच मांडला आहे. वेन्ट यांच्या १९७३ च्या ‘सन्स फॉर द रिटर्न होम’ या कादंबरीतल्या नायकाला नावही नाही. तो न्यूझीलंडमध्ये परका असतो, आणि परतल्यावर सामोआतही सामावत नाही. म्हणून ‘वा’कडे सुसंवादाचे रम्य चित्र म्हणून पाहू नये. ज्या अंतराची निगा घ्यायची, ते अन्यायाचेही असू शकते, आणि तेव्हा निगा म्हणजे ते नव्याने आखणे. नाती बदलली की अर्थ बदलतात, या वेन्ट यांच्या म्हणण्यात ही वाट मोकळी ठेवलेली आहे.

दुसरा आक्षेप असा की संबंध हेच कलेचे द्रव्य, हे पाश्चात्त्य समीक्षेनेही सांगितले आहे. निकोला बुरियो यांचे संबंधनिष्ठ सौंदर्यशास्त्र १९९८ पासून चर्चेत आहे. मग ‘वा’चे वेगळेपण काय? वेगळेपण जबाबदारीच्या मुदतीत आहे. त्या कलाकृतींत प्रेक्षक एकत्र येतात, जेवतात, बोलतात आणि दालन बंद झाल्यावर पांगतात. कोणी कोणाचे काही देणे लागत नाही. ‘वा’ प्रेक्षकाच्या जन्माआधीपासून चालत आलेला असतो आणि तो दालनाबाहेर पडल्यावरही संपत नाही. म्हणूनच कलादालनाच्या पत्रकांत हा शब्द जितक्या सहज येऊ लागला आहे तितका मी सावध होतो. शिल्प कोणत्या हातांनी, कोणाच्या विद्येने झाले, ती विद्या ज्यांची त्यांच्याशी शिल्पकार आणि दालन यांचे पुढे काय नाते राहिले, हे प्रश्न ‘वा’च्या समीक्षेत चरित्राचे किंवा समाजशास्त्राचे नाहीत. ते कलाकृतीच्या रूपाचेच प्रश्न आहेत.

आता भाषांतराकडे परत यावे. ‘अवकाश’ हा शब्द मोकळेपणाचा, सवडीचा. त्यात कोणाचे देणे नाही. ‘पोकळी’ आणि ‘शून्य’ तर अभावाकडेच नेतात. मराठीत ‘वा’च्या जवळ जाणारा एक शब्द आहे, तो म्हणजे ‘अंतर’. आणि त्याचा स्वभाव विलक्षण आहे. ‘अंतर’ म्हणजे दुरावा, आणि ‘अंतरीचे’ म्हणजे अगदी आतले. ‘तुला अंतर देणार नाही’ असे आपण वचन देतो तेव्हा अंतर हा विश्वासघात असतो. लग्नात वधूवरांच्या मधे धरतात तो अंतरपाट. त्याच्या आड उभे राहूनच दोघे एकमेकांचे होतात. मात्र अंतरपाट मंगलाष्टके संपताच दूर होतो, कारण मीलन म्हणजे मधले काढून टाकणे अशी आपली कल्पना. ‘वा’ काढून टाकायचा नसतो. तो नसेल तर दोघे एकमेकांचे होणार कसे, असा सामोअन विचार विचारील.

म्हणून भाषांतरात मूळ शब्द ‘वा’ तसाच ठेवावा, आणि त्याच्याबरोबर क्रियापद सोडू नये, असे मी सुचवीन. ‘तेउ ले वा’ला मराठीत ‘अंतर राखणे’ म्हणता येईल. पण ट्रकच्या मागे लिहिलेल्या ‘सुरक्षित अंतर राखा’मधले राखणे नव्हे. शेत राखतात, शब्द राखतात, मान राखतात, त्यातले राखणे. विद्यार्थ्यांना या शिल्पांविषयी लिहायला सांगताना ‘या कलाकृतीतील अवकाशाचे विवेचन करा’ असा प्रश्न घालण्याऐवजी, तिच्यात काय बांधले आहे, ते कोणी बांधले, आणि तिच्यासमोर उभे राहणाऱ्याने काय राखायचे आहे, असे विचारून पाहावे. उत्तरे अवघड जातील, पण ती शिल्पाविषयीची असतील.